रात्रीची घाटवाट आणि सायकलचा दिवा

श्रोतेहो, आज एका लहानशा वस्तूबद्दल बोलायचे आहे. सायकलच्या दिव्याबद्दल. आता तुम्ही म्हणाल, सायकलच्या दिव्याला कसला आलाय इतिहास? पण थोडे थांबा. माणसाने रात्री घराबाहेर पाऊल टाकले त्या दिवसापासून हा इतिहास सुरू होतो, आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या घाटवाटांवर तो आजही चालूच आहे.

अलीकडे पहाटे चार-साडेचारला त्र्यंबकच्या रस्त्याला लागलात तर एक नवे दृश्य दिसते. जाड टायरच्या सायकली, स्वारांच्या डोक्यावर टोप, हँडलवर पांढरा झोत आणि मागे लुकलुकणारा तांबडा दिवा. ही मंडळी डांबरी सडक सोडून अंजनेरीच्या पायथ्याच्या नाहीतर ब्रह्मगिरीच्या बाजूच्या गाडीवाटांना लागतात. अशा सायकलीला डोंगरी सायकल म्हणतात. यातला नवखा मुलगा दुकानात जातो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती लुमेनचा दिवा घेऊ?" लुमेन हे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप. दूध लिटरवर, तसा प्रकाश लुमेनवर.

प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्याच मुलाच्या पणजोबांना विचारले असते, तर लुमेन हा शब्द त्यांना ठाऊक नसता. पण दिवा कुठे बांधायचा, किती वेळ पुरवायचा आणि तो कोणाला दिसला पाहिजे, हे त्यांनी नक्की सांगितले असते. ते कसे, ते पाहू.

कंदिलाच्या आधी वाटसरूचा दिवा म्हणजे टेंभा, दिवटी, मशाल, हिलाल. काठीच्या टोकाला चिंध्या गुंडाळायच्या, त्यावर तेल ओतायचे आणि पेटवायचे. खंडोबाच्या जागरणात दिवटी-बुधली आपण आजही पाहतो. त्यातली बुधली म्हणजे तेलाची कुपी. दिवटी एकटी कधी निघत नाही, तिच्याबरोबर बुधली असतेच. दिवा किती मोठा आहे यापेक्षा तो घरी पोचेपर्यंत पुरेल का, हे आधी पाहायचे, ही अक्कल त्या जोडीत आहे. मशाल धरणारा मशालजी पालखीच्या पुढे चालत असे. डाकेची थैली घेऊन पळणारे हरकारे रानातून रात्री जाताना टेंभा आणि काठीची घुंगरे यांचाच भरवसा धरत. टेंभ्याने वाट दिसे, आणि जनावरालाही कळे की माणूस येतो आहे. 'टेंभा मिरवणे' हा वाक्प्रचार आपण थट्टेने वापरतो, पण रानात टेंभा मिरवावाच लागे.

मग रॉकेल आले आणि काचेचा कंदील आला. बैलगाडीचा कंदील कुठे टांगलेला असे, आठवते का? गाडीवानाच्या हातात नव्हे, जुवावरही नव्हे. तो असे गाडीच्या साट्याखाली, आखाजवळ. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला गाड्या निघत, तेव्हा चाकांच्या सावल्या रस्त्यावर फिरत असत. हा कंदील इतका खाली का? एक तर तो वाऱ्यापासून बचावे. दुसरे, गाडीवानाच्या डोळ्यावर तिरीप येत नसे. आणि तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे: खालून आडवा पडणारा उजेड खड्डा दाखवतो.

शिक्षक बंधू-भगिनींनो, हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहा. खोलीत अंधार करा. जमिनीवर मूठभर रेती पसरा, त्यात दोन-चार खडे ठेवा, बोटाने एक खळगा करा. आता हातातली बॅटरी कपाळाला लावून त्यावर प्रकाश टाका. सगळे सपाट दिसेल. मग तीच बॅटरी गुडघ्याशी धरून प्रकाश आडवा टाका. प्रत्येक खड्याची लांब सावली पडेल आणि खळगा काळाभोर दिसू लागेल. बॅटरी तीच, उजेड तेवढाच. फक्त जागा बदलली. डोळ्याला खड्डा दिसतो तो सावलीमुळे, आणि दिवा डोळ्याच्या रेषेत आला की सावली डोळ्याआड जाते. आपल्या गाडीवानाने हे पुस्तकात वाचले नव्हते. चाकाचा दणका खाऊन तो हे शिकला होता.

आता सायकलीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पुढचे चाक भलेमोठे आणि मागचे इवलेसे अशा उंच सायकली विलायतेत निघाल्या. त्यांचा तेलाचा दिवा पुढच्या चाकाच्या तुंब्याला, आऱ्यांच्या आत टांगलेला असे. म्हणजे पुन्हा खालीच! नंतर दोन सारख्या चाकांची सायकल आली आणि दिवा हँडलपाशी चढला. खडबडीत रस्त्याने ज्योत विझू नये म्हणून त्याच्या पकडीत स्प्रिंगा बसवलेल्या असत.

मग आला कार्बाइडचा दिवा. विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात करण्याची रीत 1892 च्या सुमारास सापडली, आणि दहा वर्षांच्या आत हे दिवे सायकलींवर दिसू लागले. आंबे पिकवायला काही व्यापारी चोरून वापरतात आणि कायद्याने ज्याला बंदी आहे, तोच हा कार्बाइड. दिव्याला दोन कप्पे असत. वरच्यात पाणी, खालच्यात कार्बाइडचे खडे. पाणी थेंबथेंब पडले की ॲसिटिलीन वायू निघे आणि तो पांढराशुभ्र जळे. तेलाच्या दिव्याच्या मानाने हा उजेड म्हणजे काजव्यापुढे चंद्र! पण वास उग्र, रोज चुन्याचा गाळ काढा, पाण्याचा थेंब नीट साधा. म्हणजे उजेड वाढला तशी निगाही वाढली.

त्यानंतरचा डायनॅमो तुमच्यापैकी पुष्कळांनी वापरला असेल. टायरला घासणारी ती बाटली, तिची घर्रघर्र आणि पायाला जाणवणारा तो जडपणा. सहा व्होल्ट, तीन वॅट, त्यातले 2.4 वॅट पुढच्या दिव्याला आणि 0.6 वॅट मागच्याला, असा त्याचा सर्वसाधारण हिशेब. त्याचे तेल संपत नाही, खडे आणावे लागत नाहीत, पाय चालतात तोवर दिवा चालतो. यासारखे सोयीचे काय? पण त्यात एक मोठी खोट होती. कसारा घाटासारखा चढ लागला की सायकल रेंगाळते, आणि सायकल रेंगाळली की दिवा मिणमिणतो. दम खायला थांबलात की दिवा विझलाच! नेमके अशा वेळी मागून मालमोटार येत असते. ज्या क्षणी माणूस सर्वांत असहाय असतो, त्याच क्षणी दिवा दगा देतो. पुढे चाकाच्या तुंब्यातच बसवलेले डायनॅमो निघाले आणि थांबल्यावरही काही मिनिटे जळणारे दिवे आले, ते ही खोट भरून काढण्यासाठीच.

इथे मागच्या दिव्याची गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्लंडात सायकलस्वारांच्या संघटनेने मागच्या तांबड्या दिव्याच्या सक्तीला पुष्कळ वर्षे विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, मागून येणाऱ्या मोटारवाल्याने आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल एवढ्याच वेगाने चालवावे. दिसण्याची जबाबदारी सायकलवाल्यावर का टाकता? न्यायाच्या दृष्टीने यात चूक काढणे कठीण आहे. पण दुसऱ्या महायुद्धात रस्त्यावरचे दिवे घालवले गेले, मोटारींचे दिवे झाकले गेले आणि मागचा दिवा सक्तीचा झाला. न्याय कोणाच्या बाजूला आहे हे ठरेपर्यंत काळोख थांबत नाही, हेच खरे.

आपल्याकडेही 1951 च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, रस्त्यावरच्या वाहनांना किती दिवे, कोठे आणि कोणत्या वेळात असावेत याचे नियम करण्याची तरतूद झाली. बिनदिव्याची सायकल हवालदाराने अडवली की पोरे खाली उतरून साळसूदपणे हातात धरून चालू लागत, ही आठवण वडीलधारी मंडळी अजून हसत सांगतात. हसण्यासारखी आहेच ती. पण दंड चुकवला म्हणून धोका चुकतो असे मात्र नाही.

डोंगरी सायकलीचा जन्म आपल्या आठवणीतला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन भागात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन टेकडीच्या कच्च्या वाटेने सुसाट खाली येत. 1976 पासून त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. त्यातून या सायकली घडल्या आणि जगभर पसरल्या. पुढे 1992 साली वेस्ट व्हर्जिनियात चोवीस तासांची डोंगरी सायकलशर्यत भरली. चोवीस तास म्हणजे रात्र आलीच, तीही दगडाधोंड्यांच्या रानवाटेवर. चढावर रेंगाळणारा डायनॅमो तिथे काय पुरणार? मग स्वारांनी जड बॅटऱ्या सायकलीवर बांधून हॅलोजनचे दिवे जाळले. उजेड मिळाला, पण वजन वाढले आणि दोन-तीन तासांत बॅटरी संपू लागली. दिवटी आणि बुधलीचा जुना झगडाच हा!

तो झगडा मिटवायला दोन शोध लागले. 1990 नंतरच्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी निळा एलईडी साधला आणि त्यातून पांढरा एलईडी निघाला; त्या कामाला 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा शोध लिथियम-आयन बॅटरीचा. ती 1991 साली बाजारात आली आणि तिच्या जनकांना 2019 चे नोबेल मिळाले. जुना तारेचा बल्ब 2.4 वॅटमध्ये कसाबसा तीसेक लुमेन उजेड देई. तेवढ्याच विजेत एलईडी दोनशेच्या वर देतो. म्हणून आज मुठीत मावणारा दिवा हजार लुमेनची बढाई मारतो.

आपल्या नाशिककरांनी या रात्री पाहिल्या आहेत, बरं का. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. ती पुरी करणारा हा पहिला भारतीय संघ. ही शर्यत रात्रीही थांबत नाही. रात्री स्वाराच्या पाठोपाठ त्याची मदतीची मोटार आपल्या दिव्यांच्या उजेडात त्याला सांभाळत चालते. शिवाय सायकलवर पुढे-मागे दिवे लागतातच. आपल्याकडे दोनशे ते सहाशे किलोमीटरच्या ज्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या होतात, त्यांतही रात्री दिवा आणि चमकणारे जाकीट नसेल तर पुढे जाऊ देत नाहीत. तेव्हा मोठमोठ्या स्वारांना ज्याची लाज वाटत नाही, त्याची आपण का वाटून घ्यावी?

आता त्या दुकानातल्या मुलाकडे परत जाऊ. त्याला काय सांगावे?

पहिली गोष्ट वेगाची. थोडे गणित करू. ताशी 20 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच. मुरमाड वाटेवर ब्रेक लागून थांबायला आणखी पाचेक मीटर लागतात. एकूण 11 मीटर धरा. आता उतारावर वेग ताशी 36 किलोमीटर झाला, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. थांबायला लागतील 10 आणि 17 मिळून 27 मीटर. वेग दुप्पटही झाला नाही, पण अंतर जवळजवळ अडीचपट झाले. आणि प्रकाशाचा नियम असा की अंतर दुप्पट तर उजेड चौथाई. म्हणजे 27 मीटरवरचा खड्डा 11 मीटरवरच्याइतका स्पष्ट दिसायला सहापट उजेड हवा. तेव्हा एक तर दिवा सहापट घ्या, नाहीतर वेग कमी करा. दुसऱ्याला पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट जागेची. रानवाटेला दोन दिवे बरे. एक हँडलवर, खाली झुकवलेला. तो गाडीच्या कंदिलाचे काम करतो, सावली पाडून खड्डा दाखवतो. दुसरा टोपीवर, हलका. हँडलवरचा दिवा सायकलचे तोंड जिकडे तिकडेच पाहतो. पण वळणावर आपली नजर सायकलच्या आधी वळलेली असते, तिथे टोपीवरचा उपयोगी पडतो. एकच घेणे परवडत असेल तर हँडलवरचा घ्या. आणि रस्त्याला लागलात की झोत खाली करा. चैत्रात सप्तशृंगगडाला जाणारे पायी यात्रेकरू उन्हाच्या भीतीने रात्रीच चालतात. त्यांच्या डोळ्यांवर झोत मारून त्यांना आंधळे करणे हा काही पुरुषार्थ नव्हे. दिव्याखाली अंधार म्हणतात; कधीकधी तो दिव्यासमोरही होतो.

तिसरी गोष्ट पुरवठ्याची. वेष्टनावर हजार लुमेन आणि दहा तास असे दोन्ही आकडे छापलेले असले तरी ते बहुधा एका वेळचे नसतात. दहा तास मिळतात ते मंद उजेडावर. म्हणून पूर्ण उजेडावर किती वेळ चालतो ते विचारा, आणि विकत घेतल्यावर घरी एकदा घड्याळ लावून पाहा. निफाडच्या थंडीत बॅटरी आणखी लवकर दमते. लांब जायचे तर खिशात दुसरा लहान दिवा असावा; तीच आपली बुधली.

चौथी गोष्ट पावसाची. इगतपुरीचा पाऊस पाहिलेल्याला हे सांगायला नको. दिव्यावर आयपीएक्स असे लिहून पुढे आकडा असतो. 4 म्हणजे शिंतोडे सोसतो, 6 म्हणजे पाण्याचा जोरदार मारा सोसतो, 7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. घाटातल्या पावसाला 6 बरा. धुक्यात मात्र उजेड वाढवू नका. धुक्याचे थेंब तो परत आपल्याच डोळ्यांवर फेकतात. झोत मंद करा, खाली करा आणि सावकाश चला.

पाचवी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मागची. पुढचा दिवा आपल्याला वाट दाखवतो, पण मागचा तांबडा दिवा आपल्याला दुसऱ्याला दाखवतो. पैसे थोडे असतील तर आधी मागचा घ्या. आणि तेवढेही नसतील तर चमकपट्टी लावा. उसाच्या गाड्यांना मागे लावतात तीच. आपण तिला 'रेडियम' म्हणतो. वास्तविक त्यात रेडियम नसते. रेडियम मिसळलेला रंग अंधारात स्वतः चमकतो. ही पट्टी स्वतः चमकत नाही, तिच्यातले बारीक काचमणी आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. मोटारीचा उजेड पडला तर ती पेटल्यासारखी दिसते, नाही पडला तर काळी. म्हणून ती दिव्याची सोबतीण आहे, दिव्याची जागा ती घेऊ शकत नाही.

श्रोतेहो, डोंगरी सायकल आणि हजार लुमेनचा दिवा ही हौस आहे, आणि हौसेला मोल नसते. पण मघापासून माझ्या डोळ्यांपुढे दुसरीच सायकल आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या आहेत. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा सुटली, जादा तास झाला, मैत्रिणीशी दोन शब्द बोलणे झाले की पाड्यावर पोचेपर्यंत काळोख पडतो. तिच्या वाटेवरही तोच चढ, तोच मुरूम, तोच उसाचा फड आणि मागून येणारी तीच मालमोटार. हौशी स्वार आपला दिवा स्वतः निवडतो. या मुलीसाठी तो कोणी निवडायचा?

म्हणून गुरुजींना आणि बाईंना एक विनंती आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की एक दिवस सगळ्या सायकली पटांगणात ओळीने उभ्या करा. संध्याकाळी दिवेलागणीला पन्नास पावलांवर उभे राहा आणि एकाला मागून बॅटरी पाडायला सांगा. कोणती सायकल दिसते, कोणती दिसत नाही, ते मुलांनाच मोजू द्या. मग जी दिसली नाही तिला मडगार्डवर तांबडी पट्टी, आऱ्यांत पिवळी आणि जमेल तर एक तांबडा दिवा. पालकसभेपुढे हा विषय काढलात तर हा खर्च गावाला जड नाही.

गाडीवानाचा कंदील आता साट्याखाली झुलत नाही. तो घराच्या माळ्यावर धूळ खात पडला असेल. पण त्याने शिकवलेले विसरू नये. दिवा खाली धरावा, तेल पुरते घ्यावे, आणि आपण कोणाला दिसतो आहोत याची आठवण ठेवावी. एवढे जमले, की घाट कोणताही असो, माणूस घरी पोचतो.